मुरलेली रिस्लिंग: कशी उघडावी, कशी चाखावी, काय बोलावं

रिस्लिंग ही जर्मनीच्या ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातली पांढऱ्या द्राक्षाची जात, आणि तिच्या वाईनचंही हेच नाव. तिचा सर्वात जुना लेखी उल्लेख १४३५ सालचा आहे. बहुतेक पांढऱ्या वाईन दोन-तीन वर्षांत पिऊन संपवाव्यात अशा असतात. चांगली रिस्लिंग मात्र दहा-वीस वर्षं बाटलीत मुरते, आणि तिच्या अतिगोड प्रकारांतल्या काही पन्नाशीही गाठतात.

मुंबईत अशी बाटली आता अधूनमधून कुणाच्या तरी घरी येते. उघडल्यावर पहिला माणूस ग्लासात नाक घालतो आणि म्हणतो, "रॉकेल!" मग अर्धी मंडळी ग्लास बाजूला सारतात. उरलेल्यांनी हा वास मोठेपणाची खूण असल्याचं कुठेतरी ऐकलेलं असतं, ती माना डोलावतात. दोन्ही बाजू फार लवकर थांबतात. वासाच्या पलीकडे जाऊन ही वाईन नीट समजून घ्यायची इच्छा असलेल्या नवख्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट मी आग्रहानं सांगेन: मुरलेल्या रिस्लिंगला पहिला प्रश्न आंबटपणाचा विचारा. वासांची नावं नंतर शोधता येतील.

तिचं सगळं आयुष्य त्या आंबटपणावर उभं असतं. रिस्लिंगचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ३ च्या आसपास, कधी त्याहूनही खाली असतो. या आम्लामुळे ती लवकर बिघडत नाही. साखर भरपूर असली तरी चिकट लागत नाही, आणि ताज्या फळांचा बहर ओसरल्यावरही तोंडात जिवंत राहते. आंबटपणा शिल्लक असेल तर वीस वर्षांची बाटलीही तरतरीत असते, नसेल तर सहा वर्षांचीही थकलेली लागते.

बाटली आणि मुंबईचा उन्हाळा

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो.

"वाईन शॉप" अशी पाटी असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत जागा व्यापलेली असते ती व्हिस्की, रम आणि बिअरनं. वाईन असते वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, उभी. अशा फळीवर आठ-दहा वर्षांपूर्वीचं साल दिसलं म्हणून हरखून जाऊ नका. साल जुनं असणं आणि वाईन मुरलेली असणं वेगळं. मुरायला १२-१३ अंशांचा स्थिर गारवा लागतो. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत साध्या खोलीत ठेवलेली बाटली काही उन्हाळ्यांतच म्हातारी होते, आणि ते म्हातारपण वेगळं कळतं: फळ शिजल्यासारखं, रंग तपकिरी, शेवटाला कडवट. विकत घेताना बूच वर सरकलंय का, मानेवरून चिकट ओघळ आलाय का, आतली पातळी मानेच्या बरीच खाली गेलीय का, एवढं पाहा. यातलं एकही दिसलं तर बाटली परत फळीवर ठेवा.

आयात शुल्क जबर असल्यानं जुनी परदेशी रिस्लिंग इथे महाग पडते आणि मिळतेही क्वचित. त्यामुळे सर्वात चांगला मार्ग म्हणजे येणारं-जाणारं माणूस. फ्रँकफर्टहून भाचा किंवा मुलगी येणार असेल तर सांगून ठेवा, कारण फ्रँकफर्टच्या पश्चिमेलाच ऱ्हाईनगाऊ हा रिस्लिंगचा नामांकित भाग आहे आणि तिथले काही उत्पादक जुनी सालं राखून विकतात. प्रवाशाला शुल्काविना २ लिटर मद्य आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. प्रवासानंतर बाटलीला दोन आठवडे तरी स्वस्थ पडू द्या.

दुसरा मार्ग म्हणजे तरुण बाटली घेऊन स्वतः मुरवणं. त्यासाठी वाईनचा वेगळा फ्रीज हवा. साध्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काही महिने ठेवायला हरकत नाही. स्वयंपाकघरातला माळा आणि फ्रीजचा माथा या दोन जागा मात्र कायमच्या वर्ज्य. पावसाळ्यात लेबलावर बुरशी येते. बाटलीला पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळली की लेबल वाचतं.

लेबल वाचताना आधी अल्कोहोल पाहा

जर्मन लेबल लांबलचक नावांनी घाबरवतं, पण सगळ्यात कामाची माहिती छोट्या अक्षरांत असते: अल्कोहोलचं प्रमाण. साखरेचं अल्कोहोल होतं, म्हणून अल्कोहोल ७.५ ते ९ टक्के असेल तर बरीच साखर मागे राहिलेली आहे, वाईन गोडसर असणार. १२ टक्के किंवा वर असेल तर ती बहुधा कोरडी, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली. "ट्रोकन" हा शब्द कोरडेपणा सांगतो, "फाइनहेर्ब" किंचित गोडी.

मग चढत्या पायऱ्या येतात: काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे आणि त्यापुढे बेरनआउसलेझे, ट्रोकनबेरनआउसलेझे. ही वर्गवारी तोडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात किती साखर होती त्यावरून होते. श्पेटलेझे म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. ऱ्हाईनगाऊतल्या श्लोस योहानिसबर्ग या जुन्या वाईन-उत्पादकाकडे सांगतात की १७७५ साली तोडणीची परवानगी घेऊन येणाऱ्या घोडेस्वाराला उशीर झाला, तोवर द्राक्षांवर बुरशी चढली, तरीही वाईन काढली आणि ती अप्रतिम निघाली. ती बुरशी आज मुद्दाम हवीशी असते. ती सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, रस आटतो आणि मध, आलं, केशर यांच्या दिशेनं जाणारे वास येतात.

गावाचं आणि मळ्याचं नाव जोडीनं येतं. मोझेल नदीकाठचं "वेहलेनर झोननउअर" म्हणजे वेहलेन गावचा झोननउअर मळा. तिथल्या स्लेटच्या खडकाळ उतारावर १८४२ साली बांधलेलं सूर्यघड्याळ आहे, त्यावरून मळ्याला नाव पडलं. मोझेलच्या बाटल्या परंपरेनं हिरव्या, ऱ्हाईनच्या तपकिरी, आणि दोन्ही उंच, सडपातळ.

नवख्यांनी कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: मोझेलची, दहा ते पंधरा वर्षांची श्पेटलेझे. गोडवा, आंबटपणा आणि वय या तिन्हींचा खेळ तिच्यात सर्वात स्पष्ट दिसतो. कोरडी जुनी रिस्लिंग सुंदर असते, पण पहिल्या भेटीत कठोर वाटू शकते.

दिवस, खोली, ग्लास

रविवारची दुपार निवडा. दिवसाच्या उजेडात रंग खरा दिसतो आणि जीभही थकलेली नसते. त्या खोलीत सकाळपासून उदबत्ती, धूप, डासांची कॉइल काही लावू नका. मोगऱ्याचा गजरा आणि अत्तर त्या दिवसापुरतं नको. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर दार लावून घ्या. हिंग-मोहरीपुढे कुठलीच वाईन टिकत नाही. वास घेताना पंखा बंद ठेवा, ग्लासावर जमलेला गंध पंखा उडवून लावतो. एसी चालेल, फक्त झोत टेबलावर नको.

माणसं सहाच्या वर नकोत. एका बाटलीतून प्रत्येकाला सव्वाशे मिली मिळते, आणि ती एकदम न ओतता दोन-तीन वेळा थोडी थोडी ओतायची असते. ग्लास पातळ काचेचा, तोंडाकडे निमुळता असला की पुरे. धुतल्यावर साबणाचा वास राहिलाय का, हे रिकाम्या ग्लासात नाक घालून तपासा. कपाटात पालथ्या ठेवलेल्या ग्लासांना मुंबईच्या दमट हवेत कोंदट वास धरतो आणि त्याचा दोष नंतर वाईनच्या माथी येतो.

जमलं तर शेजारी एक तरुण रिस्लिंग ठेवा. नाशिकची सुलाही रिस्लिंग बनवते, ती चालेल. ही स्पर्धा नव्हे. नाशिकच्या उन्हातलं द्राक्ष आणि मोझेलच्या थंडीतलं द्राक्ष वेगळंच वाढतं. ताज्या लिंबा-सफरचंदाचा वास नाकात बसला की शेजारच्या ग्लासात वयानं काय काय बदललं, हे चटकन कळतं.

उघडणं

आदल्या दिवशी बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवा, म्हणजे तळाशी काही असेल तर खाली बसेल. काचेच्या कणांसारखे चमकदार खडे दिसले तर घाबरू नका; ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, पूर्ण निरुपद्रवी.

जुनं बूच ठिसूळ असतं. स्क्रू सरळ आणि सावकाश आत घाला, हिसका देऊ नका. तुटलंच तर उरलेला तुकडा तिरक्या कोनातून पुन्हा धरा, आणि चुरा आत पडला तर कोऱ्या गाळणीतून गाळा. रोजच्या चहाची गाळणी वापरू नका.

फ्रीज ४-५ अंशांवर असतो. इतक्या थंडीत मुरलेली वाईन मुकी होते. ती १० ते १२ अंशांवर बोलते. मुंबईत पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवली की तिथे पोचते, आणि मेमध्ये त्याहूनही लवकर. नंतर बाटली बर्फमिश्रित पाण्यात अधूनमधून बुडवत राहा.

रंग

यात फार वेळ घालवू नका. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. तरुण रिस्लिंग फिकट, हिरवट झाकेची असते. मुरत जाते तशी पिवळी, मग सोनेरी होते. सोनेरी आणि चमकदार असेल तर ठीक. मंद, तपकिरी असेल तर शंका मनात ठेवून पुढे चला.

वास: रॉकेलच्या आधी आणि नंतर

ग्लास न हलवता पहिला वास घ्या, मग हलवून दुसरा. छोटे छोटे हुंगे घ्या. एक लांब श्वास घेतला तर नाक लगेच बधिर होतं.

रॉकेल किंवा पेट्रोलसारखा जो वास येतो तो टीडीएन नावाच्या संयुगाचा. द्राक्षात कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-केशरी रंगद्रव्यं असतात, झेंडूच्या फुलाचा पिवळेपणा ज्या कुळातला तीच. त्यांचे तुकडे होऊन जे पदार्थ बनतात, त्यांच्यापासून बाटलीतल्या आम्लामुळे वर्षानुवर्षं हळूहळू टीडीएन तयार होतं. घडावर ऊन जास्त पडलं तर ते जास्त होतं. साठवणीत उष्णता असेल तर लवकर होतं. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असेल तर जास्त जाणवतं, कारण बूच त्यातलं बरंचसं शोषून घेतं. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतले बरेच उत्पादक २००० सालच्या हंगामापासून एकत्रितपणे फिरकीच्या झाकणाकडे वळले. तिथल्या जुन्या रिस्लिंगमध्ये लिंबाच्या सालीबरोबर हा वास ठळक भेटू शकतो.

आता यातून निघणारा निष्कर्ष मुंबईकरांनी नीट लक्षात ठेवावा. गरम दुकानात पडून राहिलेल्या पाच वर्षांच्या बाटलीलाही रॉकेलचा वास येऊ शकतो. त्यामुळे त्या वासावरून वाईन महान ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. तो आहे का, किती आहे, आणि त्याच्या मागे आणखी काय आहे, एवढंच विचारायचं. चांगल्या बाटलीत तो पातळ असतो आणि हवा लागल्यावर मागे सरतो. मग पुढे येतात मध, मधमाशीच्या पोळ्याचं मेण, सुकं जर्दाळू, पपनसाची साल, भाजलेल्या पावाचा कडा, आलं, कधी गवती चहा. मोझेलच्या वाईनमध्ये पुष्कळदा पहिल्या पावसात भिजलेल्या कातळाचा वास सापडतो. आपल्याला येणारा वास आपल्या आठवणीतल्या वस्तूंनी सांगावा. ज्यानं कधी गूजबेरी खाल्ली नाही त्यानं गूजबेरीचा वास आल्याचं सांगू नये. रायआवळा आठवला तर रायआवळा म्हणावं.

वय आणि दोष यांत गल्लत होते, म्हणून हे वास वेगळे ओळखा. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला आणि वेळ जाईल तसा वाढत गेला तर बूच बाधलेलं आहे; ती बाटली सोडून द्या. कापून ठेवून काळं पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा शिरली. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा तीव्र वासही दोषच. नुकत्याच विझवलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास मात्र गंधकाचा असतो आणि तो बहुतेकदा दहा-पंधरा मिनिटांत उडून जातो. त्यासाठी थांबा.

घोट

पहिला घोट जीभ जागी करण्यासाठी, त्यावर मत देऊ नका. दुसरा घोट तोंडात सगळीकडे फिरवा, पाच-सहा सेकंद ठेवा, थोडी हवा आत ओढा, गिळा. आता थांबून जबड्याच्या दोन्ही बाजूंकडे लक्ष द्या. लाळ सुटतेय का? किती वेळ सुटत राहते? हीच आंबटपणाची खरी चाचणी, कारण जिभेला गोडवा फसवतो, लाळ फसत नाही.

मग गोडव्याकडे या. इथे वयाची जादू सर्वात सुंदर दिसते. मोझेलच्या श्पेटलेझेमध्ये लिटरला ७०-८० ग्रॅम साखर असणं सामान्य आहे. बाटलीत वर्षं गेली तरी ही साखर जात नाही, मोजली तर तेवढीच भरते. पण जिभेला ती कमी गोड लागते. तरुणपणी साखर आणि आंबट अशा दोन वेगळ्या चवी एकामागून एक येतात; मुरल्यावर लिंबाच्या जुन्या गोड लोणच्यासारख्या त्या एकजीव होतात आणि कुठली कुठे संपते ते सांगता येत नाही. त्या सांध्याकडे लक्ष द्या. सांधा दिसत असेल तर वाईनला अजून वेळ हवा होता. गोडवा पुढे आणि मागे काहीच नाही असं असेल तर तिची वेळ निघून गेली.

शेवटी गिळल्यानंतर चव किती रेंगाळते ते मनात मोजा. दहा-पंधरा सेकंदांनी तोंडात स्वच्छ, खारट-लिंबूसर काही उरलं असेल तर बाटली चांगली. कडवटपणा किंवा नुसती साखर उरली तर तसं लिहून ठेवा.

यानंतर ग्लास खाली ठेवा. वीस मिनिटांनी पुन्हा, आणि तासाभरानं आणखी एकदा. मुरलेली रिस्लिंग एका बैठकीत तीन वेळा बदलते, आणि पहिल्या दहा मिनिटांतलं मत जवळजवळ नेहमीच अपुरं ठरतं.

गप्पा

चाखण्याइतकंच बोलणंही शिकावं लागतं. माझ्या मते तीन पथ्यं पुरेशी आहेत. पहिली पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही, प्रत्येकानं कागदावर दोन-तीन शब्द लिहायचे. एकदा कुणी "मध" म्हटलं की सगळ्यांना मधच येतो. ज्याला सर्वात जास्त माहीत आहे त्यानं शेवटी बोलायचं. आणि "आवडली" किंवा "नाही आवडली" हे चर्चेच्या अखेरीस, आधी नाही.

बोलण्याचा क्रमही ठेवा: आंबटपणा, गोडव्याशी त्याचं नातं, लांबी (म्हणजे चव किती रेंगाळते), मग वास, आणि शेवटी वय. "अजून वाढेल, ऐन भरात आहे, की उतरणीला लागली?" हा प्रश्न टेबलावर ठेवला की गप्पा आपोआप रंगतात, कारण त्याचं उत्तर द्यायला आधीचं सगळं वापरावं लागतं.

समजा पुतणी म्हणाली, "काका, मला ही शिळी वाटतेय." यावर "अगं, जुनी आहे म्हणून" असं उत्तर देऊन विषय मिटवू नका. विचारा, "शिळी म्हणजे कशासारखी?" ती म्हणेल, "कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी." म्हणजे तिनं अचूक वस्तू सांगितली. आता पुढचा प्रश्न: "आणि आंबट?" "आंबट आहे, पण पटकन संपतं." या दोन वाक्यांत तिनं वाईनचं निदान केलं. थोड्या वेळानं पुन्हा चाखून दोघांनी ते तपासायचं. नवखं माणूस पुष्कळदा असं नेमकं बोलतं. त्याच्यावर जाणकारीचं दडपण आणलं की ते गप्प होतं आणि टेबलाचं नुकसान होतं.

शब्द अडले तर आपल्या रोजच्या बोलण्यातले घ्या. आंबटपणा धारदार, लख्ख, मवाळ किंवा बसलेला असू शकतो. गोडवा गुळचट, मधाळ, पुसट. अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, सडपातळ किंवा भरदार. देश, गाव, साल ओळखण्याची पैज लावायचा मोह होतो, पण पैज लागली की लोक चव घ्यायचं सोडून अंदाज बांधू लागतात.

सोबत काय

चाखून झाल्यावर जेवणाकडे वळा, आधी नाही. गोडसर, कमी अल्कोहोलची जुनी रिस्लिंग आपल्या जेवणाशी फार छान जुळते. अल्कोहोलनं तिखट भडकतं, साखरेनं शांत होतं, म्हणून ८ टक्क्यांची श्पेटलेझे तिखटाशी नेटानं उभी राहते. अळूवडी हा माझा पहिला पर्याय: चिंच, गूळ, तिखट, तळणीचं तेल, सगळ्याला तिच्याकडे उत्तर आहे. पारशी पद्धतीची पात्रानी मच्छी, कोथिंबीर वडी, नारळाच्या दुधातली कोळंबी हेही उत्तम. कोरडी जुनी रिस्लिंग असेल तर रव्यात घोळून तळलेला बोंबील किंवा सुरमई. झणझणीत मालवणी रस्सा मात्र नको. त्यात वीस वर्षांचं नाजूक काम वाहून जातं. सोलकढीही त्याच वेळी नको, दोन आंबट एकमेकांना मारतात. गोड पदार्थ देणार असाल तर वाईन पदार्थापेक्षा गोड हवी, त्यामुळे पुरणपोळीसमोर श्पेटलेझे फिकी पडते. तिथे बेरनआउसलेझे लागेल.

बाटलीत काही उरलं तर ते फेकू नका. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. कोरडी रिस्लिंग दोन दिवस, गोड त्याहून जास्त टिकते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तोच कागद पुढ्यात घेऊन थोडी ओता आणि पुन्हा आंबटपणापासून सुरुवात करा. रॉकेल कमी झालंय का, फळ वर आलंय का, लाळ अजून तितकीच सुटतेय का, हे कालच्या नोंदीशेजारी लिहा आणि बाकीच्यांना कळवा.